गोचरी : पहाडी निर्झरांच्या काठची

(व्याख्यानाचा मजकूर)



साधू-साध्वींच्या आहारचर्येला ‘गोचरी’ म्हणतात, हे आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. गो म्हणजे गाय आणि चर म्हणजे चरणे, फिरणे. गाय ज्याप्रमाणे गवताचा वरचा शेंडा खाते, मूळ उपटत नाही, चार घास येथे आणि चार घास पुढे असे करीत चालत राहते, त्याचप्रमाणे मुनी एकाच घरावर भार न टाकता अनेक घरांतून थोडे थोडे ग्रहण करतात. हा अर्थ प्रवचनांतून अनेकदा ऐकला जातो. परंतु ज्या गाईवरून हा शब्द आला ती गाय प्रत्यक्षात कशी चरते, आणि तिला तसे चरता यावे म्हणून तिच्या पालकाला काय काय करावे लागते, याचा विचार सहसा होत नाही. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

पूर्वाचार्यांनी ही उपमा किती अचूक निवडली, हे पशुशास्त्राकडे पाहिले की ध्यानी येते. गाय आणि म्हैस यांच्या वरच्या जबड्याला समोरचे दात नसतात. जिभेने गवताचा झुबका वळवून घ्यायचा, खालच्या दातांनी तो वरच्या टणक हिरडीवर दाबायचा आणि मानेच्या झटक्याने तोडायचा, ही त्यांची खाण्याची रीत. त्यामुळे जमिनीलगतचे दोन बोटे गवत सहसा शिल्लक राहते. गवताचा वाढीचा कोंब तर बुंध्याशी, मातीजवळच असतो. शेंडा गेला तरी कोंब राहतो आणि ओल मिळताच नवे पाते वर येते. मात्र या व्यवस्थेला एक अट आहे. जनावराने पुढे सरकले पाहिजे. ज्या जागी तेच जनावर रोज तोंड घालते, तेथे नवे पाते डोके वर काढण्याआधीच खुडले जाते, मुळांतील साठा संपतो आणि अखेर गवत मरते. याचा अर्थ असा की, गाईच्या चरण्यातील अहिंसा तिच्या दातांत जेवढी आहे, त्याहून अधिक तिच्या पायांत आहे. चालणे थांबले की गोचरी संपली.

एका शिवारापुरते नव्हे, तर सबंध पर्वतभर, ऋतूंच्या क्रमाने असे चालणारे समाज आपल्या देशात आजही आहेत. हिमाचल प्रदेशातील गद्दी आणि जम्मू-काश्मीरमधील बकरवाल हे शेळ्या-मेंढ्या घेऊन चालतात. उत्तराखंडातील वनगुज्जर म्हशी घेऊन चालतात. चारधाम यात्रेच्या दिवसांत हरिद्वार, ऋषिकेश, डेहराडून या मार्गांवर पहाटेच्या वेळी म्हशींचे तांडे अनेक यात्रेकरूंनी पाहिले असतील. गाडीला वाट मिळेना म्हणून चालक हॉर्न वाजवीत राहतो, आणि कडेने काठी घेतलेला एखादा दाढीधारी वृद्ध शांतपणे पुढे जातो. ही माणसे कोठून येतात आणि कोठे जातात, हे विचारण्याची सवड यात्रेच्या घाईत कोणालाच नसते.

वनगुज्जर हे धर्माने मुसलमान आहेत. त्यांची गोजरी भाषा राजस्थानीशी नाते सांगणारी आहे. सिरमौरच्या राजाचा विवाह जम्मूच्या राजकन्येशी झाला आणि तिच्यासोबत आंदण म्हणून आपले पूर्वज म्हशींसह या बाजूला आले, अशी आख्यायिका त्यांच्यात सांगितली जाते. त्यांची एक गोष्ट आपल्या समाजाने आवर्जून लक्षात घेण्याजोगी आहे. या समाजाचा परंपरागत आहार दूध, ताक, लोणी आणि रोटी हाच आहे. आपल्या म्हशीचे मांस ते खात नाहीत आणि कत्तलीसाठी तिला विकणे कमीपणाचे मानतात. प्रत्येक म्हशीला नाव असते, ती त्या नावाला ओ देते आणि ती मेली तर घरात दुःख होते. स्वीडनच्या मानववंशशास्त्रज्ञ पर्निल गूच यांनी या लोकांसमवेत दीर्घकाळ राहून १९९८ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या नावाचा अर्थच ‘म्हशीच्या शेपटीमागे’ असा आहे. पुढे कोण चालते आणि मागे कोण, हे त्या नावातच आले. जीवदयेचा संस्कार कोणत्या घरात जन्माला यावा, याला जातीधर्माची सीमा नसते, याचे हे बोलके उदाहरण होय.

आता त्यांच्या वर्षाचा क्रम पाहू. हिवाळ्यात त्यांचे डेरे शिवालिकच्या टेकड्यांत असतात. शिवालिक म्हणजे हिमालयाची पहिली पायरी. साल वृक्षांची दाट वने, ठिसूळ माती आणि दगडगोट्यांनी भरलेले ओढे. या ओढ्यांना तेथे ‘राव’ म्हणतात. पावसाळ्यात हे राव रौद्र रूप धारण करतात, आणि पाऊस सरला की त्यांचे पाणी गोट्यांच्या थराखाली लुप्त होते व पुढे तराईच्या सपाटीत पुन्हा प्रकट होते. जेथे वर्षातील काही महिने पाणी टिकते अशा जागा हेरून, एकमेकांपासून अंतर राखून डेरे बांधलेले असतात. लाकडाचा सांगाडा, मातीने सारवलेल्या भिंती आणि गवताचे छप्पर. थंडीत खाली गवत उरत नाही, तेव्हा पुरुष उंच झाडांवर चढून कोयत्याने पाला छाटतात. आपल्याकडे ज्यांना ऐन आणि धावडा म्हणतात, तीही झाडे या चाऱ्यात असतात. अनवाणी पायांनी, दोराशिवाय, पंचवीस-तीस हात उंचीवर चढणे हे त्यांचे रोजचे काम.

फाल्गुन-चैत्र उलटला की पाने गळू लागतात, राव आटतात, ऊन चढते. म्हशी अस्वस्थ होतात आणि आपणहून डोंगराकडे तोंड करून उभ्या राहतात, असे हे लोक सांगतात. मग घराचे सर्व सामान बैलांच्या आणि घोड्यांच्या पाठीवर चढते. भांडी, कांबळी, पिठाची पोती आणि सर्वांत वर लहान मूल. एप्रिल-मे महिन्यांत प्रवास सुरू होतो. काही कुटुंबे यमुना आणि टोन्स या नद्यांच्या खोऱ्याने वर जातात, काही भागीरथीच्या, तर काही अलकनंदेच्या. दिवसा रस्त्यावर वाहने आणि ऊन असते, म्हणून रात्री व पहाटे चालायचे आणि दिवसा नदीकाठच्या पडावावर विसावायचे. पडाव ठरलेले असतात. कोणत्या वळणावर पाणी आहे, कोणत्या गावाच्या हद्दीत किती थांबायचे, याचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. अनेक आठवड्यांनंतर, देवदार आणि भूर्जवृक्षांची वने ओलांडल्यावर, समुद्रसपाटीपासून दहा-बारा हजार फुटांवर गवताळ पठारे लागतात. गढवाली भाषेत त्यांना ‘बुग्याल’ म्हणतात.

बुग्याल हे केवळ सौंदर्यस्थळ नव्हे. वर्षाचे पाच-सहा महिने तेथे बर्फ असते. बर्फ वितळले की गवताची आणि रानफुलांची दाट चटई उगवते. या चटईखालची काळी माती पाणी शोषून घेते आणि हळूहळू सोडते. तेच पाणी लहान झऱ्यांच्या रूपाने खाली उतरते, झऱ्यांचा गधेरा होतो, गधेऱ्यांची गाड होते आणि गाड शेवटी यमुनेला किंवा गंगेला मिळते. ज्या जळाला आपण तीर्थ म्हणतो, त्याचा उगम एखाद्या म्हशीच्या पायाखालच्या ओल्या गवतात असतो. म्हणून त्या म्हशीचा पाय कधी, किती वेळ आणि किती संख्येने पडतो, याला सर्वाधिक महत्त्व आहे.

बर्फ नुकतेच वितळलेले असताना माती लोण्यासारखी मऊ असते. त्या वेळी खूर पडले तर गवताची चटई फाटते आणि पुढच्या पावसात त्या फटीची घळ होते. उलट, पावसाळा संपल्यानंतरही जनावरे तेथेच राहिली तर गवताला बी धरण्यास व मुळांत अन्न साठविण्यास अवसर मिळत नाही. एकाच जागी गोठा फार दिवस राहिला तर शेणामुताचा अतिरेक होऊन तेथे रुमेक्स जातीचे रुंद पानांचे तण माजते, जे जनावर खात नाही. झऱ्याच्या काठावर कळप रेंगाळला तर काठ ढासळतो आणि पाणी गढूळ होते. याउलट योग्य वेळी येऊन, मर्यादित संख्येने, जागा बदलत चरून, योग्य वेळी जनावरे निघून गेली तर शेणखत पसरते, उंच व राकट झुडुपे वाढत नाहीत आणि कोवळ्या गवताला सूर्यप्रकाश मिळतो. तेच जनावर, तेच गवत, तोच झरा. अंतर केवळ मात्रेचे आणि वेळेचे.

पहाडातील लोकांनी हे शास्त्र आपल्या सणांतून जपले. गढवालमध्ये भाद्रपदातील नंदाष्टमीपूर्वी ब्रह्मकमळ तोडू नये, उंच बुग्यालांत मोठ्याने बोलू नये, अशी बंधने परंपरेने पाळली जात. वरवर पाहता ही श्रद्धा आहे, परंतु तिच्या पोटी फूल बीजावर येईपर्यंत थांबण्याचा विवेक आहे. उत्तरकाशीजवळ सुमारे ११ हजार फुटांवर दयारा नावाचे बुग्याल आहे. त्याच्या पायथ्याच्या रैथल गावचे लोक उन्हाळ्यात आपल्या गाई-म्हशी तेथे नेतात आणि दगडालाकडाच्या छपरांत राहतात. ऑगस्टच्या मध्यास, जनावरे खाली उतरविण्याचे दिवस जवळ आले की, ते ‘अंढूडी’ नावाचा उत्सव साजरा करतात. त्या दिवशी तेथे रंगांची नव्हे, तर लोण्या-ताकाची होळी खेळली जाते. गवत दिले, पाणी दिले, जनावरे सुखरूप राहिली, म्हणून निसर्गाचे आभार मानायचे आणि मग कुरण रिकामे करायचे. निरोप घेण्याचाही सण असतो, ही कल्पनाच किती उदात्त आहे!

आपला समाज हा व्यापारी समाज आहे. म्हणून हीच गोष्ट हिशेबाच्या भाषेत मांडली तर अधिक स्पष्ट होईल. कुरण हे मुद्दल आहे आणि त्यावर वर्षाकाठी येणारे गवत हे व्याज आहे. जो व्याजावर निर्वाह करतो त्याची पेढी पिढ्यान्‌पिढ्या चालते. जो मुद्दलात हात घालतो त्याचे दिवाळे एक ना एक दिवस निघतेच. ऋतूप्रमाणे स्थलांतर करणारा पशुपालक दोन पेढ्यांत खाती ठेवतो. सहा महिने शिवालिकच्या खात्यातून उचल आणि बुग्यालच्या खात्यात विश्रांती. पुढचे सहा महिने याच्या उलट. एका खात्यातून बारा महिने उचल झाली तर कोणतेच मुद्दल टिकणार नाही. म्हणून त्यांचे चालणे म्हणजे भटकणे नव्हे. ती जमाखर्चाची शिस्त आहे.

मात्र या शिस्तीचे भांडवल करून इतरांनी नफा कमावला, हेही सांगितले पाहिजे. वनगुज्जरांचे दूध हरिद्वार, ऋषिकेश, डेहराडून येथील बाजारांत जाई. हिवाळ्यात पेंड-भुसा घेण्यासाठी आणि प्रवासाच्या खर्चासाठी दूध-व्यापारी उचल देत. त्याच्या बदल्यात दूध त्याच व्यापाऱ्याला, त्याने ठरविलेल्या भावाने घालावे लागे. मोजमाप त्याचे, वही त्याची आणि वाचता न येणारा अंगठाही त्याच वहीत. एका हंगामाची बाकी दुसऱ्या हंगामात ओढली जाई. १९९३ पासून डेहराडूनच्या रूरल लिटिगेशन अँड एन्टायटलमेंट केंद्राने, अवधाश कौशल यांच्या नेतृत्वाखाली, या डेऱ्यांत साक्षरतेचे काम सुरू केले. स्वयंसेवक शिक्षक डेऱ्यांत राहिले आणि उन्हाळ्यात म्हशींमागून डोंगरही चढले. अक्षरओळख आणि हिशेब यांचे मोल व्यापाऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार? तोलून दिले आणि लिहून दिले तरच देणे-घेणे शुद्ध राहते. जनावरावर दया करणाऱ्या समाजाने जनावर पाळणाऱ्या माणसाच्या हिशेबातही दया ठेवावी, हा त्यातील बोध होय.

यापुढचा भाग अधिक कठीण आहे, कारण येथे दोन सत्प्रवृत्ती समोरासमोर उभ्या राहतात. इंग्रजी राजवटीत, १८७८ च्या वन कायद्यानंतर, राखीव वनांत चराईसाठी परवाने देण्याची पद्धत रूढ झाली. कोणत्या कुटुंबाने किती म्हशी ठेवाव्यात आणि किती चराई-कर भरावा, हे त्यावर लिहिलेले असे. पुढे कुटुंबे वाढली, परंतु परवाने त्या प्रमाणात वाढले नाहीत. आजोबांच्या नावाच्या परवान्यावर नातवंडांचे कळप चरू लागले आणि त्यातून दंड व लाच यांना वाव मिळाला. १९८३ साली राजाजी, मोतीचूर आणि चिल्ला ही तीन अभयारण्ये एकत्र करून सुमारे ८२० चौरस किलोमीटरचे राजाजी राष्ट्रीय उद्यान करण्याचा निर्णय झाला. हत्ती, वाघ आणि साल वने यांचे रक्षण हा त्याचा हेतू. तो हेतू अहिंसेचाच आहे, यात संशय नाही. परंतु त्याच वनात शेकडो वनगुज्जर कुटुंबांचे हिवाळी डेरे होते. १९९२ च्या शरद ऋतूत डोंगरावरून परतलेल्या कळपांना वनाच्या वेशीवर अडविण्यात आले आणि मोठा संघर्ष उभा राहिला. त्यानंतर हे वन आम्हांलाच राखू द्या, असा प्रस्तावही त्यांच्या बाजूने मांडला गेला.

पुढे बहुतेक कुटुंबांचे हरिद्वार जिल्ह्यातील पथरी आणि गैंडीखाता येथे पुनर्वसन झाले. त्याचे फळ काय मिळाले? दोन्ही बाजू प्रामाणिकपणे पाहिल्या पाहिजेत. डेरे उठल्यानंतर चिल्ला परिसरात हरिणांचा आणि वाघांचा वावर वाढल्याचे वन्यजीव-अभ्यासकांनी नोंदविले आहे. २०१५ साली राजाजीला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पाला सतत छाटला गेल्याने झाडे खुरटली होती, हा वन खात्याचा आक्षेपही निराधार नव्हता. पुनर्वसित कुटुंबांना जमिनीचा तुकडा मिळाला, शाळा आणि दवाखाना जवळ आला. अनेक कुटुंबांची तशी इच्छाही होती. परंतु म्हशींना मात्र वन राहिले नाही. चारा विकत घ्यावा लागू लागला, आणि दोन खात्यांतील एक खातेच बंद झाल्यामुळे सारा जमाखर्च कोलमडला. जे लोक अजूनही वर जातात त्यांना वाटेवर परवान्यांची चिंता असते. २०२० च्या उन्हाळ्यात गोविंद पशुविहार राष्ट्रीय उद्यानाकडे निघालेली काही कुटुंबे वाटेतच अडविली गेली. प्रकरण नैनितालच्या उच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयाने त्यांच्या निवाऱ्याची व जनावरांच्या चाऱ्याची व्यवस्था करण्यास सरकारला सांगितले. वर बुग्यालांत गवत उगवत असताना खाली रस्त्याकडेला म्हशी उपाशी उभ्या राहाव्यात, ही कोणाच्याही जीवदयेला शोभणारी गोष्ट नव्हे.

कायद्याने या प्रश्नाकडे पाठ फिरविली आहे, असेही नाही. २००६ च्या वन हक्क कायद्यात भटक्या व पशुपालक समाजांचा ऋतुमानानुसार वनातील संसाधने वापरण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केलेला आहे. परंतु हिमाचल आणि जम्मू-काश्मीरमध्ये गुज्जरांचा समावेश अनुसूचित जमातींत झाला, उत्तराखंडातील वनगुज्जरांचा झाला नाही. त्यामुळे १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करण्याचे ओझे त्यांच्यावर पडले. जो सतत चालत राहिला, त्याने वास्तव्याचा कागद कोठून आणावा? २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांच्या रक्षणासाठी महत्त्वाचा निर्णय दिला. तेथील कायम बांधकामे हटवावीत, रात्रीचा मुक्काम बंद करावा, पर्यटकांची संख्या दोनशेवर जाऊ देऊ नये आणि व्यापारी स्वरूपाची चराई थांबवावी, असे आदेश त्यात होते. मात्र स्थानिक पशुपालकांना, जनावरांची संख्या मर्यादित ठेवून, चराईची मुभा ठेवण्यात आली. म्हणजे न्यायालयानेही सरसकट बंदीऐवजी मात्रेचाच विचार केला.

सरसकट बंदीने प्रश्न सुटतोच असे नाही, याचे उदाहरण चमोली जिल्ह्यातील पुष्पदरीत, म्हणजे ‘फुलों की घाटी’त सापडते. १९८२ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि तेथील चराई बंद करण्यात आली. पुढे दरीच्या काही भागांत पॉलिगोनम नावाची उंच वनस्पती इतकी फैलावली की लहान फुलझाडे तिच्या छायेत झाकोळू लागली, आणि वन खात्याला ती दरवर्षी उपटून काढण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. चराई थांबल्यामुळेच असे झाले काय, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. परंतु माणसाने आणि जनावराने शतकानुशतके वापरलेली जागा एकाएकी कुलूपबंद केली म्हणजे ती पूर्वीच्या निर्मळ अवस्थेला पोहोचते, हा समज मात्र त्यामुळे दुबळा झाला. अतिरेक जसा घातक, तसा एकाएकी केलेला विच्छेदही निर्धोक नसतो. अनेकान्ताची शिकवण मिळालेल्या समाजाला हे समजणे अवघड जाऊ नये. हत्तीचे म्हणणे खरे आहे, म्हशीचेही खरे आहे आणि झऱ्याचेही. एकाचेच सत्य संपूर्ण धरले की दुसऱ्याची हिंसा होते.

हे सारे दूर हिमालयात घडते, आपल्याला त्याचे काय, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. आपल्या सह्याद्रीतही हेच घडले आहे. महाबळेश्वर, कोयना, राधानगरी या भागांतील माथ्यावर म्हशी पाळणारे गवळी धनगर पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ साली या समाजावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. खोऱ्यात कुणबी शेती करीत आणि माथ्यावर गवळी म्हशी चारीत. लोणी-तूप खाली येई, धान्य वर जाई. एकाच डोंगरावर दोन समाज राहत, परंतु एकाचा घास दुसरा हिरावून घेत नसे. पुढे कोयनेच्या जलाशयाने खोरी व्यापली, १९८५ साली कोयना आणि चांदोली ही अभयारण्ये झाली, आणि २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. तेथेही प्रश्न तोच राहिला. वन्य प्राण्यास अभय देताना पाळीव प्राण्याचे आणि त्याच्या पालकाचे काय करायचे?

आपल्या गावागावांतील गायराने हा या प्रश्नाचा सर्वांत जवळचा भाग आहे. गायरान म्हणजे गावच्या गुरांची गोचरीची जागा. तिच्यावर घरे झाली, गाळे झाले, कोठे कचराही टाकला जाऊ लागला. मग गुरे बाजारपेठेत भाजीपाल्यावर आणि प्लास्टिकवर तोंड घालू लागली आणि अखेर पांजरपोळाच्या दारात आली. पांजरपोळाला देणगी देणे हे पुण्यकर्म आहेच. परंतु ज्या कारणाने गाय पांजरपोळात आली, ते कारण दूर करणे हे त्याहून मोठे पुण्य नव्हे काय? ज्या संस्थांकडे कुरणाची जमीन आहे, त्यांनी तिचे चार-पाच भाग करून आळीपाळीने चराई ठेवली, पहिल्या पावसात कोवळे गवत वीतभर वाढेपर्यंत गुरे आत सोडली नाहीत, आणि ओढ्याच्या काठावर कुंपण घालून पाणी पिण्यासाठी एकच वाट ठेवली, तर वर्षाचा वैरणीचा खर्च निश्चित उतरेल आणि जमीनही सुधारेल. याला मोठा निधी लागत नाही. लागतो तो संयम, आणि एक भाग रिकामा ठेवण्याची तयारी.

रिकामे ठेवणे हेच आजच्या काळात सर्वांत कठीण झाले आहे. मिळाले ते सर्व आजच घ्यावे, एकही चौरस फूट वाया जाऊ नये, ही वृत्ती व्यापारात शिरली, शेतीत शिरली आणि डोंगरावरही पोहोचली. अपरिग्रह म्हणजे केवळ वस्तूंचा संग्रह न करणे असा मर्यादित अर्थ आपण करतो. भाद्रपदात लोण्याची होळी खेळून भरल्या कुरणाला पाठ दाखविणारा रैथलचा शेतकरी, आणि पहिल्या थंडीबरोबर म्हशींच्या शेपटीमागे डोंगर उतरणारा वनगुज्जर, हे अपरिग्रहाचा दुसरा अर्थ आचरणात दाखवितात. गवत अजून शिल्लक असतानाच उठायचे. आपले पूज्य साधू-साध्वी चातुर्मास संपताच, श्रावक कितीही आग्रह करीत असले तरी, विहार करतात. त्यामागेही हेच तत्त्व आहे. जेथे आदर आहे, आहार आहे, सोय आहे, तेथूनच निघायचे असते.

यासाठी समाजाने तीन गोष्टी मनावर घ्याव्यात, एवढीच नम्र विनंती आहे. आपल्या गावचे गायरान किती आहे आणि त्याची आज काय स्थिती आहे, याची ग्रामपंचायतीत जाऊन माहिती घ्यावी. पांजरपोळास साहाय्य करताना वैरणीबरोबर कुरण-विकासासाठीही काही रक्कम राखून ठेवावी. आणि रस्त्यावर गुरांचा, मेंढरांचा तांडा आडवा आला तर हॉर्न न वाजविता दोन मिनिटे गाडी बाजूला थांबवावी. त्या दोन मिनिटांत पुढे जाणारी जनावरे कोठल्या तरी ओढ्याच्या काठचे गवत वेळेवर सोडून आलेली असतात, आणि कोठल्या तरी दुसऱ्या गवताकडे वेळेवर पोहोचण्यासाठी चाललेली असतात. त्यांची वाट अडली नाही, तरच झऱ्याचे पाणी निर्मळ राहील आणि गोचरी हा शब्दही जिवंत राहील.



जय जिनेंद्र.